दोरीच्या कडेने

गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या क्लासमध्ये पॉलिमरमधल्या 'ऑर्डर'बद्दल, म्हणजे त्याचे मॉलिक्यूल आपोआप नीट रचनेत कसे बसतात त्याबद्दल, बोलणं चाललं होतं, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, ऑर्डर आली की मग मॉलिक्यूल हलायचे थांबतात ना?" बेल व्हायला दोन मिनिटं राहिली होती, मी "हो, जवळजवळ थांबतातच" म्हणून टाकलं आणि डस्टर उचललं. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत मला कळून चुकलं होतं की आपण तिला चुकीचं सांगितलंय, आणि थोडंथोडकं नाही, ज्या एका गोष्टीवर माझी पाच वर्षं गेली नेमकी तीच उलटी सांगितलीय. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले, पाय खाली टेकवला तर चप्पल डांबराला चिकटली. एप्रिलअखेरचं सोलापूर, हवाच बेचाळीस, रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापलेला. डांबर मऊ झालं होतं पण चप्पलेचा सोल तसाच होता, दाबला की दबत होता, सोडला की पुन्हा जागेवर. त्या सोलकडे बघत असताना सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

तर हे लिहिणं त्या मुलीसाठी आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीपण, कारण ही गोष्ट मी पेपरात लिहिली, थिसिसमध्ये लिहिली, पण आपल्या भाषेत सलग कधी सांगितलीच नाही.

पॉलिमर म्हणजे मण्यांची लांब माळ, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. समजा मणी दोन प्रकारचे आहेत, स्टायरिनचे आणि आयसोप्रीनचे. ते कसेही मिसळून ओवले तर तो रँडम कोपॉलिमर. आमच्या घरात जी भाषा चालते तसा. आईचं माहेर पूर्व भागातलं, पद्मशाली, तेलुगू बोलणारं, बाबा मराठी, त्यामुळे आमच्या एका वाक्यात तीन शब्द इकडचे दोन तिकडचे आणि कुणालाच काही वाटत नाही. ब्लॉक कोपॉलिमर तसा नाही. त्यात माळेचा अर्धा भाग सलग स्टायरिनचा, मग एक सांधा, आणि पुढचा अर्धा भाग सलग आयसोप्रीनचा. अशी माळ नीट ओवता येऊ लागली ती १९५६ नंतर, मायकेल श्वार्त्स यांनी चेनचं टोक 'जिवंत' ठेवायची पद्धत दाखवली तेव्हा. टोक जिवंत म्हणजे पहिला मोनोमर, म्हणजे पहिल्या प्रकारचे सुटे मणी, संपला तरी रिअॅक्शन मरत नाही, दुसरा घातला की माळ तिथूनच पुढे वाढते.

आता स्टायरिनच्या माळा आणि आयसोप्रीनच्या माळा यांचं एकमेकांशी पटत नाही. सुट्ट्या असत्या तर तेल आणि पाण्यासारख्या वेगळ्या झाल्या असत्या, वर एक थर, खाली एक थर, विषय संपला. पण इथे प्रत्येक माळ मध्ये जोडलेली आहे. वेगळं तर व्हायचंय, पण फार लांब जाता येत नाही, फार तर स्वतःच्या लांबीइतकं. मग ते जवळच्या जवळ वेगळे होतात, एक पदर स्टायरिनचा, एक आयसोप्रीनचा, पुन्हा स्टायरिनचा, असे दहा ते शंभर नॅनोमीटरचे पदर. वीस नॅनोमीटरचा एक पदर धरला तर एका केसाच्या जाडीत तसे तीन-चार हजार बसतील. यालाच मायक्रोफेज ऑर्डर म्हणायचं. दोन्ही तुकडे सारखे असतील तर पदर होतात, एक लहान एक मोठा असेल तर लहानाच्या नळ्या होतात, अजून लहान केला की गोळ्या होतात आणि त्या गोळ्यापण क्रिस्टलमधल्या अणूंसारख्या रांगेत बसतात.

किती पटत नाही ते मोजायला एक ग्रीक अक्षर वापरतात, त्याचा उच्चार 'काय'. आमच्या वेळी वर्गात यावर रोज हशा व्हायचा, हे काय, हो हे काय. या 'काय'ला माळेतल्या मण्यांच्या संख्येने, म्हणजे एनने, गुणायचं. लुडविक लाइब्लर यांनी १९८० मध्ये गणिताने दाखवलं की दोन्ही तुकडे सारखे असले आणि हा गुणाकार १०.५ च्या वर गेला की पदर पडतात, त्याखाली सगळी सरमिसळ. तापमान वाढवलं की 'काय' कमी होतो, म्हणून गरम करत गेलं की एका ठिकाणी पदर विरघळतात. ते तापमान म्हणजे ऑर्डर संपायची जागा.

इथे मला हमखास तातय्यांचा माग आठवतो. आईचे वडील. अशोक चौकाच्या मागे दोन यंत्रमाग, चादरीचे, वर जेकार्डचे पुठ्ठे टकटकत फिरायचे आणि बोलायचं असेल तर कानाशी येऊन ओरडावं लागायचं. ताणा उभा, बाणा आडवा, धोटा इकडून तिकडे. एका बाजूला फूल मरून असेल तर चादर उलटली की तेच फूल पांढरं. पदर म्हटलं की सोलापूरच्या माणसाच्या डोळ्यासमोर हेच येणार आणि मीसुद्धा कितीतरी दिवस पोरांना हेच उदाहरण देत होते. पण ते दोन कारणांनी बरोबर नाही. एक तर मागावर नक्षी कुणीतरी पुठ्ठ्यात पंच केलेली असते, इथे पंच करणारं कुणी नाही, माळांचं न पटणं आणि मधला सांधा एवढ्यावर सगळी नक्षी आपोआप होते. आणि दुसरं म्हणजे चादरीतला धागा विणल्यावर जिथे बसला तिथे बसला, फाटेपर्यंत हलत नाही. माझ्या उत्तरात जी चूक होती ती बहुतेक याच चादरीतून आलेली. ऑर्डर म्हटलं की माझ्या डोक्यात विणून झालेलं कापड येतं.

माळा हलतात. सतत हलतात. फक्त 'हलणं' या एका शब्दात दोन-तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑर्डर आली की त्यांचं वेगवेगळं काहीतरी होतं, सगळा विषय यातच आहे.

सगळ्यात लहान हलणं म्हणजे चार-दोन मण्यांचं, जागच्या जागी वळवळणं. ज्या तापमानाला हे वळवळणं इतकं मंदावतं की एका वळणाला शंभरेक सेकंद लागावेत, त्याला काचेचं तापमान म्हणायचं, ग्लास ट्रान्झिशन. पॉलिस्टायरिनचं हे तापमान साधारण १०० डिग्री, म्हणून घरात ते काचेसारखं कडक असतं. आयसोप्रीनचं उणे ६५ च्या आसपास, त्यामुळे सोलापूरच काय महाबळेश्वरच्या थंडीतही ते वळवळतच असतं, सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी वेळात एक वळण. रँडम कोपॉलिमर घेतला तर दोघांच्या मधलं कुठलंतरी एकच तापमान मिळतं. ब्लॉक घेतला आणि पदर पडले की दोन्ही वेगवेगळी दिसतात, दोन घरं, प्रत्येकाचं आपलं हवामान. म्हणजे पदर पडल्यावरही आयसोप्रीनच्या पदराच्या मध्यावरचे मणी जवळजवळ आधीसारखेच वळवळत असतात. ऑर्डर आली हे त्यांच्या गावीही नसतं.

पण सांध्याजवळ जा. तिथला आयसोप्रीनचा मणी एका बाजूने कडक स्टायरिनला बांधलेला आहे, आजूबाजूलाही तशाच बांधलेल्या माळांची गर्दी, ताणून उभ्या केलेल्या. तिथले मणी हळू होतात. स्टायरिनच्या बाजूलाही उलटा परिणाम होतो, काठावरचं स्टायरिन थोडं मऊ होतं आणि पदर अगदी पातळ असतील तर त्याचं काचेचं तापमान काही डिग्रीने खाली येतं. म्हणजे एकाच पदरात मध्यावर एक वेग आणि काठावर दुसरा, मोजायला गेलं की या वेगांच्या ग्राफमधलं शिखर पसरट येतं. पहिल्यांदा असं पसरट शिखर आलं तेव्हा मला वाटलं सॅम्पल घाण आहे.

आता मोठं हलणं, आख्खी माळ इथून तिथे जाणं. लांब माळा एकमेकींत गुंतलेल्या असतात, आडवं सरकताच येत नाही, मग माळ सापासारखी स्वतःच्याच अंगाच्या वाटेने पुढे-मागे सरकते. हे प्येर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं, पुढे १९९१ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. सापाच्या या चालीमुळेच माळ दुप्पट लांब केली की वितळलेलं पॉलिमर दुप्पट नाही तर दहा-अकरापट घट्ट होतं. आता विचार करा, या सापाचं पुढचं अर्ध अंग स्टायरिनचं आणि मागचं आयसोप्रीनचं आहे, आणि पदर पडलेत. साप पुढे सरकला की मागचं अंग पुढच्याच्या वाटेने जाणार, म्हणजे आयसोप्रीनला स्टायरिनच्या घरात शिरावं लागणार. तिथे तर पटत नाही. म्हणजे जी चाल माळेला येत होती तीच बंद झाली.

हे मला पेपर वाचून कळलं नव्हतं. समजलं ते गड्ड्याच्या मिरवणुकीमुळे, आणि तेही फार उशिरा, पुण्यात हॉस्टेलवर एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा.

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, उंचच उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर अक्षता, नंतर होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. बाबा दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून काठीबरोबर चालायचे. मी सहा-सात वर्षांची असेन. मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंनी पोरांनी दोरी धरलेली, आत सगळी पांढरी बाराबंदी, बाहेर आम्ही, बायका-पोरं, रंगीबेरंगी. मी हट्ट केला म्हणून बाबांनी दोरीवरून माझा हात धरला. ते आत, मी बाहेर, मध्ये दोरी, दोरीवर आमचे हात. ते म्हणाले, "हात सोडायचा नाही बघ." आणि आम्ही चाललो. दोरीच्या कडेने पुढे जायला काहीच अडचण नव्हती, गर्दी होती पण गर्दीच चालत होती, आमचे हात दोरीवरून सरकत पुढे जात होते आणि माझ्या तळहाताला दोरीचा काथ्या घासत होता तो मला आजही आठवतो. पण मध्येच मला आत जायचं होतं. दोरीखालून वाकले तर आतल्या बाराबंदीवाल्यांच्या पायांची भिंत, एका आजोबांनी खांद्याला धरून मला परत बाहेर केलं. थोड्या वेळाने बाबांना बाहेर यायचं होतं, पाणी प्यायला, तर त्यांनाही बाहेरची गर्दी वाट देईना. म्हणजे कडेने जाणं सोपं, आरपार जाणं अवघड. दोघांनाही. आणि हात सोडला असता तर दोघंही आपापल्या गर्दीत मोकळे झालो असतो, पण हात सोडायचा नव्हता.

सांधा दोरीवर. सांध्याचं एक टोक आत, एक बाहेर. पदराच्या कडेने माळ फिरते, आणि माळा आखूड असतील, गुंतलेल्या नसतील, तर ती ऑर्डर नसताना जशी फिरायची जवळजवळ तशीच फिरते. आरपार जायचं म्हटलं तर एक आख्खा तुकडा परक्या घरातून ओढून न्यावा लागतो आणि त्याची किंमत त्या तुकड्यातल्या मण्यांइतकी, म्हणजे पुन्हा तेच, काय गुणिले एन. किंमत वाढली की वेग नुसता कमी होत नाही, घातांकाने कोसळतो. नळ्या असतील तर नळीच्या लांबीने सोपं, एका नळीतून दुसरीत अवघड. गोळ्या असतील तर सगळीकडूनच अवघड, माळेला जायचं तर एका गोळीतून उडी मारून दुसरीत, आणि अशी उडी क्वचित लागते. जायरॉइड नावाची एक रचना आहे, १९९४ मध्ये ओळखू आली, त्यात दोन्ही घरं तिन्ही दिशांना सलग गुंफलेली असतात. तिच्यात सांध्याला काठाकाठाने कुठेही जाता येतं, फक्त वळणावळणाने.

मिरवणुकीचं उदाहरण एका ठिकाणी कमी पडतं तेही सांगायला पाहिजे. माळा लांब आणि गुंतलेल्या असतील तर कडेने जाणंही अवघड होतं, कारण कडेने जायला माळेकडे सापाची चाल होती तीच बंद पडलीय. मग ती काय करते, तर एक हात आवरते. आयसोप्रीनचा आख्खा तुकडा टोकापासून हळूहळू मागे ओढून सांध्यापाशी गोळा करायचा आणि पुन्हा दुसऱ्या वाटेने बाहेर सोडायचा. मग दुसरा हात. प्रत्येक वेळी सांधा तेवढा थोडासा सरकतो. टिम लॉज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिनेसोटात नव्वदच्या दशकात पदरांच्या कडेने आणि आरपार असे दोन्ही वेग वेगवेगळे मोजले होते, त्यासाठी आधी सगळे पदर एका दिशेला लावून घेतले, कारण एरवी सॅम्पलमध्ये पदरांचे छोटे छोटे तुकडे दहा दिशांना तोंड करून असतात आणि मोजलं की सरासरी येते, कडेचं कुठलं आणि आरपारचं कुठलं काही कळत नाही. ते पेपर मी इतक्या वेळा वाचले की स्टेपल निघून आल्या.

त्या मुलीला म्हणून मी आता असं सांगेन, ऑर्डर आली की हालचाल थांबत नाही, हालचालीला दिशा येते. मणी वळवळायचे ते वळवळतात, माळ कडेने जाते, आरपार जात नाही.

माझं स्वतःचं काम यातल्या एका लहान कोपऱ्यातलं होतं, स्टायरिन-आयसोप्रीन, मॉलिक्युलर वेट १५-१६ हजार, म्हणजे आखूड माळा, ज्यांची ऑर्डर ओव्हनमध्ये गाठता येईल अशा तापमानाला विरघळते. रिओमीटर नावाचं मशीन असतं, दोन गोल ताटल्या, मध्ये रुपयाच्या नाण्याएवढं सॅम्पल, खालची ताटली अगदी हळू इकडेतिकडे डोलवायची आणि सॅम्पल किती स्प्रिंगसारखं वागतं, किती मधासारखं, ते मोजायचं. साधं वितळलेलं पॉलिमर असेल तर डोलणं दहापट हळू केलं की स्प्रिंगपणा शंभरपट पडतो, म्हणजे पुरेसा वेळ दिला की माळा सुटतात आणि ते नुसतं द्रव होतं. पदर पडलेले असतील तर दहापट हळू केलं तरी स्प्रिंगपणा फक्त तिप्पट-सव्वातिप्पट पडतो. गोळ्या रांगेत असतील तर पडतच नाही, सरळ रेघ, मऊ घन पदार्थ झाला. मणी दोन्हीकडे तेवढेच चपळ आहेत, वेगाने डोलवलं तर दोन्ही ग्राफ एकमेकांवर बसतात, फरक दिसतो तो हळू बाजूला. लांबच्या, मोठ्या हालचालीच्या बाजूला. एकाच ग्राफमध्ये डावीकडे ऑर्डर दिसते आणि उजवीकडे दिसत नाही, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो ग्राफ प्रिंट काढून हॉस्टेलच्या कपाटाला आतून चिकटवला होता.

पण त्याआधीचे तीन आठवडे वाईट गेले. माझा ग्राफ ना सुट्या माळांसारखा येत होता ना पदरांसारखा, आणि दर वेळी वेगळा. सिंथेसिस चुकलं म्हणून मी पुन्हा मोनोमर शुद्ध करायला घेतलं, आईला फोनवर म्हणाले परत येते सोलापूरला, बास झालं. चूक वेगळीच होती. टोल्युइनमध्ये विरघळवून फिल्म ओतायची आणि सावकाश वाळवायची असते, मला घाई होती, मी फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, उघडीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वापरली. टोल्युइन भराभर उडून गेलं, स्टायरिनचे तुकडे होते तिथे कडक झाले, पदर अर्धवट. हलता येत नाही म्हणून ऑर्डर लागेना. ते सॅम्पल मी १२० डिग्रीला व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवलं, स्टायरिनला पुन्हा हलायला मिळालं, आणि सकाळी ग्राफ जसा यायला पाहिजे तसा आला.

मला यात अजूनही काहीतरी फार मोठं दिसतं. ऑर्डर लागायला हालचाल लागते. ऑर्डर लागत गेली की हालचाल अवघड होते. म्हणजे जसजसं नीट बसत जातं तसतसं उरलेलं नीट बसवायला जास्त वेळ लागतो आणि म्हणून पूर्ण नीट असं ते कधी बसतच नाही, कुठेतरी पदरांच्या दोन दिशा भेटतात, कुठेतरी एक पदर मध्येच संपतो, आणि ते दोष महिनोन्महिने तसेच राहतात, कारण तो दोष मिटवायला माळांना नेमकं आरपार जावं लागतं.

त्यानंतर एका रात्री मी तापमान वाढवत नेलं, मिनिटाला एक डिग्री, डोलणं अगदी हळू. लॅबमध्ये मी आणि व्हॅक्यूम पंपाची घरघर. १२०, १३०, स्प्रिंगपणाची रेघ हळूहळू उतरत होती, मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी खात बसले होते, आईने पाठवलेली. १४२ ला रेघ कोसळली. दोन-तीन डिग्रीत दहापटीहून जास्त खाली. ताटल्यांमध्ये डोळ्याला काहीही वेगळं दिसत नव्हतं, तोच पिवळसर थेंब, पण आत सगळ्या दोऱ्या एकदम सोडल्या गेल्या होत्या. मी खुर्चीतून उठून ताटल्यांपाशी जाऊन बघत उभी राहिले, दिसणार काय होतं, पण उभी राहिले.

हे सगळं कशाला, असं बाबा विचारायचे, आणि तो प्रश्न मला आवडायचा कारण सांगायला खूप होतं. लिथियम बॅटरीचं घ्या. त्यात द्रवाऐवजी पॉलिमर वापरायचा तर पॉलिइथिलीन ऑक्साइड चांगला, त्याचे मणी वळवळतात आणि वळवळता वळवळता लिथियमचे आयन पुढे देतात. पण तो मऊ, म्हणून त्याला स्टायरिनचा कडक तुकडा जोडायचा, एक पदर वाहून न्यायला, एक पदर आधाराला. नुसत्या पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये माळ आखूड तेवढं आयनचं वहन चांगलं. बर्कलेच्या निताश बालसारा यांच्या ग्रुपला पदरवाल्या मटेरियलमध्ये उलटं सापडलं, माळ जितकी लांब तितकं वहन चांगलं. का, तर काठाजवळचा हळू भाग. माळ आखूड म्हणजे पदर पातळ, पातळ पदराचा बराचसा भाग काठच. माळ लांब म्हणजे पदर रुंद, मध्ये मोकळी जागा जास्त. वर मी पसरट शिखराचं सांगितलं ना, तेच शिखर बॅटरीत वेगळ्या वेशात येतं.

आणि चप्पल. चप्पल-बुटांचे कितीतरी सोल एसबीएसचे असतात, स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन, मध्ये लांब मऊ तुकडा आणि दोन्ही टोकांना आखूड कडक. शेल कंपनीने हे रबर १९६५ च्या सुमाराला बाजारात आणलं. कडक टोकं गोळा होऊन गाठी होतात, मऊ भाग दोन गाठींच्या मध्ये ताणलेला राहतो, गंधक घालून पक्कं करायची गरजच नाही, गाठीच ते काम करतात. सोलापूरच्या रस्त्यावर कितीही तापलं तरी १०० च्या खाली, त्यामुळे गाठी घट्ट, आणि मधले ब्युटाडाइनचे मणी मात्र सुसाट वळवळतायत, म्हणूनच सोल दबतो आणि परत येतो. तेच मणी तेवढेच घेऊन क्रम बदलला, ब्युटाडाइन बाहेर आणि स्टायरिन मध्ये केलं, तर गाठ होते पण माळ दोन गाठींना जोडत नाही, टोकं मोकळी लोंबतात, रबराची ताकद जाते आणि वितळल्यावर ते फार सहज वाहतं. एसबीएस वितळवलं तरी सहज वाहत नाही, प्रत्येक टोक गाठीतून उपसून काढावं लागतं. हेच एसबीएस रस्त्याच्या डांबरातही घालतात, उन्हाने मऊ पडू नये म्हणून. सात रस्त्याच्या त्या तुकड्यात घातलेलं नसावं.

काल पुन्हा तोच क्लास होता. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, गेल्या वेळी मी चुकीचं सांगितलं, आणि फळ्यावर दोरी काढली. बाराबंदी म्हटल्यावर सगळ्यांना लगेच कळलं, दोन पोरं स्वतः काठीला असतात. ती मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "मग मॅडम, दोरीपलीकडे कधीच जात नाही?" म्हटलं जाते, पण क्वचित, आणि किती क्वचित ते काय गुणिले एनवर. "आणि घाई केली तर दोरीच नीट पडत नाही?" ती म्हणाली. हे मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडे रिओमीटर नाही. पण एसबीएसचे दाणे आहेत, टोल्युइन आहे, काचेच्या पेट्री डिश आहेत आणि फिजिक्सवाल्यांकडचा स्प्रिंग बॅलन्स आहे. तिने आणि तिच्या मैत्रिणीने दोन फिल्म ओतल्यात, एक हूडमध्ये पंख्याखाली उघडी, ती संध्याकाळपर्यंत वाळलीपण, आणि दुसरी झाकण ठेवून, झाकणाखाली फक्त एक काडी, वाफ हळूहळू जावी म्हणून. दुसरीला तीन-चार दिवस लागतील. मग दोन्हीच्या सारख्या पट्ट्या कापून ओढून बघायच्या आहेत. आज सकाळी झाकण न उचलता मी वाकून बघितलं, कडेने वाळत आलीय, मध्ये अजून ओली आहे.